चार माणसांचा भात, हजार माणसांचा भात: इंधनाचं संशोधन अडतं कुठे?

ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे, फक्त माझे "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत.

आजचा विषय आहे तेल आणि गॅसच्या धंद्यातलं संशोधन. विषय ऐकून स्किप करू नका, कारण तो आपल्या अगदी दाराशी आहे. तेल म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर समुद्रातला रिग येतो, आखाती देश येतात. पण भुमकर चौकातून हिंजवडीकडे येताना, ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर बघायला भरपूर वेळ असतो तेव्हा, 'प्राज टॉवर' नावाची इमारत दिसते. आपल्यातले बरेच जण तिला आणखी एक आयटी कंपनी समजून पुढे जातात. ते आहे प्राज इंडस्ट्रीजचं मुख्यालय. प्रमोद चौधरी यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेली ही कंपनी अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, बनवणारे कारखाने उभे करते. इथून पाषाणला गेलात की राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आपली एनसीएल. कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय, जिथे गाड्यांच्या चाचण्या होतात. तुम्ही पंपावर टाकीत जे भरता, त्याचा थोडाफार संबंध या तिन्ही ठिकाणच्या कामाशी आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. तेलाच्या संशोधनाचे ढोबळ दोन भाग असतात. पहिला, तेल शोधणं आणि जमिनीखालून वर काढणं. १९७४ साली 'सागर सम्राट' या जहाजानं मुंबई हायमध्ये तेल शोधलं, तो हा भाग. त्यासाठी ओएनजीसीच्या संशोधन संस्था आपल्या पनवेललाच आहेत. तो एक स्वतंत्र एपिसोड होईल. दुसरा भाग म्हणजे कच्च्या मालापासून वापरता येईल असं इंधन किंवा रसायन तयार करणं. आज बोलायचंय ते या दुसऱ्या भागाबद्दल. आणि त्यातही एकाच प्रश्नाबद्दल: प्रयोगशाळेत यशस्वी झालेली गोष्ट कारखान्यात का अडते?

आधी ई२०, कारण सगळे त्याबद्दलच विचारतात

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई२० ची सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये देशभर सरासरी २० टक्क्यांपर्यंत आपण पोचलो. त्यानंतर सगळ्या ग्रुपवर एकच चर्चा, मायलेज पडलं का?

गणित साधं आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. एक लिटर इथेनॉलमध्ये साधारण २१. आता ८० टक्के पेट्रोल आणि २० टक्के इथेनॉल मिसळा. येतात जवळपास ३० मेगाज्यूल. म्हणजे ऊर्जा सुमारे ७ टक्के कमी. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो, त्यामुळे त्यासाठी बनवलेलं इंजिन यातली थोडी भरपाई करू शकतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच हे लिहिलेलं होतं: ई२० साठी न बनवलेल्या चारचाकीत मायलेज ६ ते ७ टक्के कमी होईल, दुचाकीत ३ ते ४ टक्के, आणि ई२० नुसार जुळवून घेतलेल्या चारचाकीत १ ते २ टक्के. मायलेजचा मुद्दा आपल्यासाठी इथेच संपतो. गाडीच्या रबरी नळ्या आणि सील यांचा प्रश्न वेगळा आहे, तो तुमच्या गाडीचं मॅन्युअल बघून सोडवा.

मला त्याच्या पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. हे इथेनॉल येतं कुठून?

महाराष्ट्रात राहणाऱ्याला हे सांगायची गरज नाही. उसापासून. उसाचा रस, त्याची मळी, आणि आता मका आणि तांदूळही. पण ऊस पावसावर अवलंबून. डिसेंबर २०२३ मध्ये काय झालं आठवतंय? पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल अशी भीती निर्माण झाली, आणि केंद्र सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल बनवायला बंदी घातली. काही दिवसांत ती थोडी सैल केली, पण ज्या कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभ्या केल्या होत्या त्यांची झोप उडाली. खाण्याचं पीक आणि जाळायचं इंधन एकाच शेतातून येणार असेल तर हे भांडण दर दुष्काळात होणार.

म्हणून जगभरातल्या संशोधकांनी खूप आधीपासून वेगळा विचार सुरू केला होता. धान्य माणसाला, रस साखरेला. मग जे कुणालाच नको असतं, त्या भाताच्या पेंढ्यापासून, उसाच्या चिपाडापासून, मक्याच्या ताटांपासून इंधन करता येईल का? याला 'सेकंड जनरेशन' किंवा 'टूजी' इथेनॉल म्हणतात. आपल्या फोनच्या टूजीशी काही संबंध नाही. पंजाब-हरियाणात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेतकरी पेंढा जाळतात, दिल्ली धुरात बुडते. त्याच पेंढ्याचं इंधन झालं तर शेतकऱ्याला पैसे, शहराला हवा आणि देशाला थोडं कमी आयात तेल. आपण कच्च्या तेलाच्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून आणतो. म्हणजे फायदा सगळ्यांनाच दिसत होता.

आणि प्रयोगशाळेत ते जमतंही. मग अडलं कुठे?

आचाऱ्याला माहीत असलेली गोष्ट

तुम्ही घरी चार माणसांचा भात करता. पाण्याचा अंदाज आहे, कुकरच्या शिट्ट्या माहीत आहेत. कधीच बिघडत नाही. आता तुम्हाला कुणी सांगितलं, लग्न आहे, हजार माणसांचा भात कर. तुम्ही तांदूळ २५० पट घेतले, पाणी २५० पट घेतलं, मोठ्या पातेल्यात टाकलं. काय होईल? खाली करपेल, मध्ये गिचका होईल, वर कच्चा राहील.

आचारी असं करत नाही. त्याची भट्टी वेगळी, ढवळायची पद्धत वेगळी, निखारे झाकणावर ठेवायची वेळ वेगळी. कारण भांडं दहापट रुंद, दहापट उंच केलं तर आतला माल हजारपट होतो, पण उष्णता जिथून आत-बाहेर जाते तो पृष्ठभाग फक्त शंभरपट होतो. म्हणजे एकेका किलोच्या वाट्याला येणारा पृष्ठभाग दहापट कमी झाला. आता पाककृती तीच ठेवून चालत नाही.

केमिकल इंजिनिअर याला 'स्केल-अप' म्हणतात. आपण सॉफ्टवेअरवालेही 'स्केल' हा शब्द रोज वापरतो. पण आपल्याकडे युजर वाढले की क्लाउडवर आणखी मशीन घ्यायची, बिल येईल ते वेगळं. सगळ्या मशीन सारख्याच असतात. हजार लिटरची टाकी मात्र एक लिटरच्या हजार बाटल्यांसारखी कधीच वागत नाही. आणि आपल्याकडे रिलीज फसलं की रोलबॅक करता येतो. शेकडो कोटींचा कारखाना उभारून झाल्यावर पाइपचा व्यास चुकला हे कळलं तर रोलबॅक नावाचं बटण नसतं.

म्हणून या धंद्यात पायऱ्या असतात. आधी काचेच्या भांड्यात काही ग्रॅम. मग पायलट प्लांट, काही किलो. मग प्रात्यक्षिक प्रकल्प, ज्याला डेमो प्लांट म्हणतात, काही टन. आणि शेवटी खरा कारखाना. प्रत्येक पायरीला वर्षं जातात. आणि प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा कितीतरी महाग.

पाषाणची गोष्ट, १९८५

या पायऱ्या पुण्यानं एकदा पूर्ण चढून दाखवल्या आहेत.

एनसीएल सुरू झाली १९५० साली. १९८० च्या सुमारास तिथे डॉ. पॉल रत्नसामी आले. ते आधी डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत होते आणि उत्प्रेरकांवर काम करायचे. उत्प्रेरक म्हणजे कॅटलिस्ट, रासायनिक क्रिया घडवून आणतो पण स्वतः खर्ची पडत नाही असा पदार्थ. शाळेत आपण व्याख्या पाठ केली आणि सोडून दिली. पण रिफायनरीचा जवळजवळ सगळा धंदा या पदार्थावर चालतो. तेव्हा एनसीएलचे संचालक होते डॉ. एल. के. दोरायस्वामी, स्वतः केमिकल इंजिनिअर. म्हणजे एक माणूस पदार्थ ओळखणारा आणि एक माणूस कारखाना ओळखणारा, असा योग होता.

प्रश्न होता झायलीनचा. पेट्रोलियममधून निघणारं हे रसायन तीन रूपांत येतं: ऑर्थो, मेटा आणि पॅरा. तिन्हींत अणू तेवढेच, फक्त जोडणी वेगळी. पॅराला प्रचंड मागणी, कारण त्यापासून पॉलिएस्टर होतं. तुमच्या अंगातल्या टी-शर्टात बहुतेक ते असेलच. मेटाला फारशी किंमत नाही. मग मेटाचं पॅरा करता आलं तर? त्यासाठी लागतो झिओलाइट नावाचा उत्प्रेरक. झिओलाइट म्हणजे अतिसूक्ष्म भोकं असलेला स्फटिक. ही भोकं जवळजवळ रेणूच्याच मापाची असतात. पॅरा झायलीनचा रेणू सडपातळ, तो भोकातून सहज ये-जा करतो. बाकीचे दोन अडखळतात. चाळणीसारखंच, पण चाळताचाळता धान्य बदलणारी चाळणी.

एनसीएलनं असा झिओलाइट तयार केला आणि त्याला नाव दिलं एन्सिलाइट. मोठ्यानं म्हणून बघा, एनसीएल त्यात ऐकू येईल. पण काचेच्या नळीत चांगला चालणारा झिओलाइट आणि कारखान्यात टनांनी भरायचा झिओलाइट यात मघाशी म्हटलं तसं भाताचं अंतर होतं. पावडर चालत नाही, गोळ्या कराव्या लागतात. गोळ्या दाबाखाली फुटता कामा नयेत. पहिल्या दिवशी जसं काम केलं तसंच शेकडो दिवसांनी केलं पाहिजे. दर घाणीला गुण तोच आला पाहिजे. यासाठी एसीसी ही कंपनी, हो, तीच सिमेंटवाली, उत्प्रेरक मोठ्या प्रमाणात बनवायला सोबत आली.

आणि बडोद्याच्या आयपीसीएल या तेव्हाच्या सरकारी पेट्रोकेमिकल कंपनीनं तो आपल्या चालू प्लांटमध्ये वापरायला घेतला. साल १९८५. प्रक्रियेचं नाव झायलोफायनिंग. पुढे याच मंडळींनी बेन्झीन आणि अल्कोहोल यांच्यापासून इथाइल बेन्झीन बनवायची प्रक्रिया केली, ती विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान पॉलिमर्समध्ये चालली. रत्नसामी नंतर एनसीएलचे संचालक झाले.

या गोष्टीत शास्त्रज्ञांचं कौतुक सगळे करतात आणि ते करायलाच हवं. मला मात्र बडोद्याच्या त्या प्लांट मॅनेजरबद्दल विचार करायला आवडतं, ज्याचं नाव मला माहीत नाही. त्याचा प्लांट चालू होता. उत्पादनाचं टार्गेट डोक्यावर होतं. परदेशी कंपनीचा जुना, खात्रीचा उत्प्रेरक मिळत होता, तो बिघडला तर दोष त्या कंपनीचा. पाषाणचा उत्प्रेरक घेऊन काही बिघडलं असतं तर दोष याचा. तरी कुणीतरी सही केली. प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गोष्टीला असा एक पहिला गिऱ्हाईक लागतो. तो "आधी दुसरीकडे कुठे चाललंय ते दाखवा" असं विचारत नाही, किंवा विचारूनही शेवटी हो म्हणतो. तो नसता तर एन्सिलाइट ही एक पीएचडी राहिली असती.

पेंढ्याची गोष्ट

आता पाषाणहून परत हिंजवडीत येऊ. पेंढ्याचं इंधन करायचं तर काय करावं लागतं?

पेंढ्यात साखर असते, पण कुलूपबंद. सेल्युलोज म्हणजे साखरेच्याच लांब साखळ्या. त्यांच्याभोवती हेमिसेल्युलोज, आणि सगळ्याला घट्ट धरून ठेवणारं लिग्निन. झाड उभं राहतं ते या लिग्निनमुळे. निसर्गानं ही रचना सहजासहजी पचू नये म्हणूनच केली आहे. म्हणून आधी पेंढा बारीक करून उष्णता, दाब आणि रसायनं देऊन मोकळा करायचा. मग एन्झाइम टाकून साखळ्या तोडायच्या, साखर मिळवायची. मग यीस्ट टाकून ती आंबवायची. मग गाळून इथेनॉल वेगळं करायचं. यातही एक गोम आहे. हेमिसेल्युलोजमधून जी साखर निघते ती साधं यीस्ट खातच नाही. त्यासाठी खास यीस्ट तयार करावं लागतं.

महाराष्ट्रात यावर दोन मोठे गट काम करत होते. एक मुंबईत माटुंग्याला, आयसीटी, म्हणजे जुनं यूडीसीटी. तिथल्या प्रा. अरविंद लाली यांच्या गटाच्या तंत्रज्ञानावर २०१६ मध्ये उत्तराखंडात काशीपूरला रोज १० टन बायोमास घेणारा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. दुसरा गट प्राजचा. त्यांचं संशोधन केंद्र, प्राज मॅट्रिक्स, पिरंगुटजवळ उरवड्याला आहे. तिथे काम झालं आणि २०१७ मध्ये दौंड तालुक्यात डेमो प्लांट सुरू झाला, वर्षाला १० लाख लिटर क्षमतेचा. मग त्याच तंत्रज्ञानावर इंडियन ऑइलनं पानिपतच्या रिफायनरीजवळ खरा कारखाना उभारला. १० ऑगस्ट २०२२ ला त्याचं लोकार्पण झालं. खर्च ९०० कोटींच्या वर. वर्षाला २ लाख टन पेंढा, ३ कोटी लिटर इथेनॉल. दौंडच्या तीसपट.

हे आकडे ऐकायला छान वाटतात. आता हिशेब करू. २ लाख टन भागिले ३६५, म्हणजे रोज साधारण ५५० टन पेंढा. समजा एका ट्रकमध्ये १० टन बसला. रोज ५५ ट्रक. वर्षभर. पेंढा हलका आणि फुगीर, म्हणजे ट्रक भरलेला दिसतो पण वजन कमी. आणि पेंढा वर्षभर मिळत नाही. कापणीनंतर शेतकऱ्याला गव्हासाठी शेत मोकळं करायचं असतं, हातात फार तर काही आठवडे. तेवढ्या दिवसांत यंत्रानं गठ्ठे बांधायचे, उचलायचे आणि वर्षभराचा माल कुठेतरी रचून ठेवायचा. तो भिजता कामा नये, पेटता कामा नये. एवढं सगळं झाल्यावर रसायनशास्त्र सुरू होतं.

आणि पेंढ्यासोबत शेतातली माती येते, खडे येतात. भाताच्या पेंढ्यात मुळातच सिलिका जास्त, म्हणजे वाळूचाच भाऊ. तो यंत्रांची पाती आणि पाइप घासून काढतो. प्रयोगशाळेत कुणीतरी पेंढा स्वच्छ करून, वाळवून, बारीक करून काचेच्या बाटलीत ठेवलेला असतो. कारखान्यात जो येतो तो थेट शेतातून.

इथे जगातल्या मोठमोठ्यांचे दात पडलेत. अमेरिकेत अबेन्गोआ कंपनीनं कॅन्ससमध्ये २०१४ साली असा कारखाना सुरू केला, पुढच्याच वर्षी बंद. ड्यूपॉन्टसारख्या दोनशे वर्षं जुन्या केमिकल कंपनीनं २०१५ मध्ये आयोवात मक्याच्या ताटांचा कारखाना काढला, वर्षाला ११ कोटी लिटरचा. दोन वर्षांत गुंडाळला. इटलीत क्रेसेन्तिनोचा कारखाना २०१३ मध्ये सुरू, २०१७ मध्ये बंद. क्लॅरियंटनं रोमानियात उभारलेला कारखाना २०२३ च्या शेवटी बंद करायचं ठरवलं. यातली प्रत्येक प्रक्रिया प्रयोगशाळेत चालत होती. कुठे मालक कंपनीच कर्जात बुडाली, कुठे मालकानं धंद्याची दिशा बदलली, कुठे ठरलेलं उत्पादन निघालंच नाही. स्वस्त तेलाशी स्पर्धा तर सगळ्यांनाच होती. पानिपतलाही पूर्ण क्षमता गाठायला झगडावं लागलं आहे.

मग हे सगळं फुकट गेलं का? मला तसं वाटत नाही. कारण माती पाइपात कुठे साचते, गठ्ठा कुठे अडकतो, कुठला पंप किती दिवसांनी झिजतो, हे ज्ञान कुठल्याही शोधनिबंधात मिळत नाही. ते फक्त चालू कारखान्यात मिळतं, तेही महागात. पण आपण एक गोष्ट सतत विसरतो. उद्घाटनाचा फोटो येतो तेव्हा बातमी संपते आणि संशोधनाचा सगळ्यात अवघड भाग सुरू होतो. फीत कापल्यावरची पहिली तीन-चार वर्षं कुणी धीर धरला, कुणी पैसे दिले, यावर सगळं ठरतं.

पुण्याहून उडालेलं विमान

आणखी एक ताजी गोष्ट. १९ मे २०२३ ला एअर एशिया इंडियाचं विमान पुण्याहून दिल्लीला गेलं. त्याच्या टाकीत नेहमीच्या इंधनात अगदी थोडा अंश शाश्वत विमान इंधनाचा होता, ज्याला सॅफ म्हणतात. देशी कच्च्या मालापासून बनवलेलं, प्राज आणि इंडियन ऑइल यांच्या कामातून आलेलं. प्रवाशांना काही फरक कळला नसेल, आणि विमानाच्या इंधनाबाबत हीच सगळ्यात मोठी स्तुती आहे.

अल्कोहोलचं विमान इंधन कसं होतं? अल्कोहोलमधून पाणी काढून टाकायचं, उरलेले लहान रेणू एकमेकांना जोडून मोठे करायचे, मग त्यांना हायड्रोजन द्यायचा. म्हणजे केरोसीनसारखेच रेणू हातानं बांधायचे. आणि हे सगळं कशाच्या जोरावर? उत्प्रेरकांच्या. पाषाणमध्ये ज्या विद्येवर काम झालं तीच विद्या.

इथे कसोटी आणखी कडक. गाडी बंद पडली तर बाजूला घेता येते, विमान घेता येत नाही. म्हणून अल्कोहोलपासूनच्या विमान इंधनाला आंतरराष्ट्रीय मानकात मान्यता मिळाली ती २०१६ मध्ये, तीही एका प्रकारच्या अल्कोहोलला. इथेनॉलपासून बनवलेल्याला २०१८ मध्ये. आणि आजही ते नेहमीच्या इंधनात जास्तीत जास्त ५० टक्केच मिसळता येतं. भारतानं आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का आणि २०२८ मध्ये २ टक्के असं उद्दिष्ट ठेवलंय. १ टक्का ऐकून हसू नका. मघाचा ५५ ट्रकांचा हिशेब आठवा, मग १ टक्का किती मोठा आहे ते कळेल.

व्हॉट्सॲपवर पुढची बातमी येईल तेव्हा

आपल्यातले अनेक जण आता शेअरमध्ये पैसे टाकतात. ग्रीन हायड्रोजन, बायोफ्यूएल, नवीन बॅटरी, रोज काहीतरी 'क्रांती' येते. मी कुठला शेअर घ्या किंवा विका हे सांगत नाही, ते माझं काम नाही. पण बातमी आली की तीन प्रश्न विचारा. हे तिन्ही प्रश्न आजच्याच गोष्टींतून आलेत.

पहिला, हे किती मोठ्या प्रमाणात चाललंय? ग्रॅम, किलो की टन? बातमीत आकडाच नसेल तर बहुतेक ग्रॅम असतात.

दुसरा, सलग किती वेळ चाललं? उत्प्रेरक एक दिवस चालला आणि हजार तास चालला यात आकाश-पाताळाचा फरक आहे. आपल्याकडे डेमोला चालणारं ॲप आणि दिवाळी सेलच्या रात्री चालणारं ॲप, तसंच समजा.

तिसरा, कच्चा माल कुठून येणार, कोण आणणार आणि वर्षाच्या कुठल्या महिन्यात? पेंढ्याचं इंधन म्हणजे अर्धं रसायनशास्त्र आणि अर्धं ट्रॅक्टर-ट्रॉलीचं नियोजन. यातल्या दुसऱ्या अर्ध्याबद्दल बातमीत एक ओळही नसेल तर जरा थांबा.

आणि शेवटी, जे अजून कॉलेजात आहेत किंवा आयटीत दोन-तीन वर्षं काढून कंटाळलेत, त्यांच्यासाठी. मी सॉफ्टवेअरवाला आहे, बी.टेक. करून कोड लिहितो, केमिकल इंजिनिअर नाही. पण या विषयाचं वाचताना एक जाणवलं. आमच्या बॅचमध्ये केमिकल, मेकॅनिकल, पेट्रोलियम घेतलेले कितीतरी जण शेवटी कोडिंगलाच आले. पगार इथे होता, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण ५५ ट्रकांचं नियोजन, प्लांटमधल्या सेन्सरचा डेटा, कुठला पंप पुढच्या आठवड्यात बसणार याचा अंदाज, ही सगळी कामं आता सॉफ्टवेअरचीच आहेत. ज्याला दोन्ही भाषा येतात, रिॲक्टरची आणि कोडची, असा माणूस शोधून सापडत नाही. बँकेच्या ॲपमधल्या बटणाचा रंग बदलून कंटाळला असाल तर भुमकर चौकाच्या बाजूलाही बघा, पिरंगुटलाही बघा, पाषाणलाही बघा. काम संथ आहे. दर दोन आठवड्यांनी रिलीज नाही मिळणार. एखाद्या प्रकल्पाला दहा वर्षं जातील आणि तो बंदही पडेल. पण चालला तर एखाद्या शेतकऱ्याला काडी ओढावी लागणार नाही.

पुढच्या भागात मुंबई हाय. पन्नास वर्षं जुन्या विहिरींतून उरलेलं तेल कसं काढायचं, यावर बोलू. तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणी रिफायनरीत, साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत किंवा रिगवर काम केलेलं असेल तर मला नक्की लिहा. अशा माणसांकडे जे माहीत असतं ते गुगलवर सापडत नाही.

चला, भेटू. टाकी अर्ध्याखाली जायच्या आत पेट्रोल भरा, संध्याकाळी सहाला वाकडच्या पुलावर अडकायचंय आपल्याला.